लेबल नसलेली साठ कलमं

डिप्लोमाच्या परीक्षेत टेबलावर वीस कुंड्या होत्या,
प्रत्येकीला अर्धं मिनिट.
मी अठरा ओळखल्या.
उरलेल्या दोन्हींपुढे लिहिलं क्रोटन,
कारण अडलं की सगळेच क्रोटन लिहायचे.
त्या अठरांच्या जोरावर माशेलच्या नर्सरीत लागले.

पहिल्याच सकाळी आपोलिनोने एक रोप पुढे केलं.
"हें कितें?"
मी लॅटिन नाव सांगितलं, कुळासकट.
"बरें. आनी हाका उन्हांत दवरूं का सावळेंत?"
मी गप्प.
इतकं लांबलचक नाव, आणि त्याच्याखाली
बसायला सावली नाही.

त्याच्या अंगठ्यावर कलमाच्या सुरीची जुनी खाच आहे.
पान तो तोडत नाही, स्वतः वाकतो.
पानं जोडीने आलीत की एकाआड एक,
देठ दुखावला तर चीक येतो की नुसतं पाणी.
पालथ्या पानाला गाल लावतो,
लव लागली की हसतो.
आंब्याची कोवळी पालवी
तान्ह्या पोराच्या टाळूसारखी हुंगतो.

भिरंडीचं त्याने आधीच बजावून ठेवलं होतं.
बियांचं रोप नर की मादी, ते सहा-सात वर्षं
कोणालाच कळत नाही, बहुतेक रोपालाही.
गिऱ्हाईक विचारणार. थापा मारायच्या नाहीत.
कलम घ्या म्हणायचं,
नाहीतर चार लावा आणि कळ काढा.

मग कांदोळीच्या हॉटेलचा मॅनेजर आला, यादी घेऊन:
फुलं हवीत, कचरा नको.
सावली हवी, पान गळता कामा नये.
सुगंध हवा, मधमाशी नको.
शिवाय खारा वारा, शिवाय डिसेंबरच्या आत.
"प्लास्टिकाचें," आपोलिनो माझ्या कानात म्हणाला.
मी मात्र दोन रात्री बसले.
समुद्राच्या अंगाला उंडी,
वाऱ्याच्या आडोशाला बकुळ, आमची ओंवळ.
समासात लिहिलं: पान गळणारच, ते झाड आहे.
त्याने उंडी ठेवली, बकुळ खोडली.
फुलांवरून पाहुणे घसरतील म्हणे.
माझ्या पहिल्या कमाईत
ती एक लाल रेघ आहे.

त्या ऑगस्टमध्ये आपोलिनोच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं
आणि त्याच आठवड्यात गोगलगायींनी
साठ आंब्यांची कागदी लेबलं खाल्ली.
मानकुराद, मुसराद, हिलारियो,
साठही एका उंचीची, एका हिरव्या रंगाची,
शाळेच्या गणवेशातल्या पोरांसारखी.
मी प्रत्येकीचं एकेक पान घेतलं,
आकडे घालून, ओल्या फडक्यात गुंडाळून
त्याच्या घरी गेले.
डोळ्यांवर पट्टी. तो चुरगळायचा, हुंगायचा,
मी लिहायचे.
मधेच म्हणाला, आता तू आधी सांग.
एकतिसाव्या पानापासून मी आधी सांगू लागले.
नऊ वेळा चुकले. मग चारदा. मग तो नुसता मान हलवत होता.
तीन पानांवर दोघेही अडलो.
"हीं म्हाका येनात," तो म्हणाला,
चाळीस वर्षं कलमं बांधणारा माणूस,
अगदी सहज, मीठ संपलं म्हणावं तसं.

त्या तिघींना मी नवीन लेबलं लावली, या वेळी पत्र्याची:
माहीत नाही.
दोन अजून कुंपणापाशी आहेत.
तिसरी दिवाडीच्या अनसूया म्हांबरे घेऊन गेल्या.
मी शेजारची खात्रीची मानकुराद दाखवली, तर म्हणाल्या,
"ती माझ्याकडे आहे. हीच दे."
फेरीबोटीत कलम मांडीवर घेऊन बसल्या होत्या,
लेबल बाहेरच्या बाजूला, सगळ्यांना वाचता येईल असं.

चौथं वर्ष आहे.
मार्चमध्ये मीच फोन करते.
मोहर आला होता, म्हणाल्या, भरपूर आला होता,
धुक्याने गेला.